आकाइतीकाकीचा पाहुणा

आमच्या बेटावर शिडाच्या बोटीतून जे कोणी येतात ते पहिल्याच दिवशी एक वाक्य बोलतात. वाळूत उतरतात, कमरेवर हात ठेवतात, माडांकडे बघतात आणि म्हणतात, "हे बेट अजून अगदी अस्पर्शित आहे." मला आता हे ऐकून हसूही येत नाही. आमच्या पणजोबांनी खडक फोडून होडीपुरती वाट केली, पणज्यांनी हातांनी वाळू उपसून पुराकाचे कंद लावायला खड्डे खणले, कितीक पिढ्या आम्ही इथल्याच मातीत पुरल्या, आणि यांच्या मते बेटाला अजून कुणाचा हात लागायचाच आहे. मग आम्ही कोण, खेकडे?

असंच बोलत आलेल्या एका माणसाला आकाइतीकाकीने दुसऱ्या दिवशी नारळ सोलायला बसवलं. पाहुण्याला कामाला लावणं ही आमच्या या तौरेवा बेटावर न ऐकलेली गोष्ट आहे. त्यावरून मोठी बैठक बसली, आणि काकीचं घर राहणार की जाणार हे त्या बैठकीत ठरलं.

मी कोरो. माशांचे वाटे पुकारण्याचं काम माझ्याकडे आहे. आम्ही सगळे मिळून मासेमारीला जातो, मासळी चर्चसमोर माडाच्या झापांवर मांडतो, आणि मी एकेका घराचं नाव घेऊन त्या घरात माणसं किती ते पुकारतो. "वाइनेचं घर, चार." तेवढे वाटे त्या घराचे. ज्याची मोटरची बोट आहे त्याला जास्त नाही, जो तापाने पडून आहे त्याला कमी नाही. माझा आवाज मोठा म्हणून मला हे काम मिळालं असं लोक म्हणतात. मला वाटतं, थोडी अक्कलही लागते.

कारण कुणाला मोजायचं आणि कुणाला गाळायचं हे कळावं लागतं. वाइनेच्या चारांतला एक तिचा मुलगा. तो मासेमारीच्या जहाजावर गेला त्याला इतकी वर्षं झाली की मागे राहिलेली बायको म्हातारी दिसायला लागली. त्याचा वाटा मी अजून पुकारतो. समुद्रावर गेलेल्या माणसाला दुसरी चूल नसते, त्याचं घर इथेच. याउलट ज्याने ऑकलंडला जाऊन तिथे चूल मांडली त्याचं नाव गळतं, मग तो आईला रोज फोन का करेना. आकाइतीकाकीच्या दोन्ही मुलांची नावं मीच गाळली. काकी रागावली नाही. "त्यांची पोटं तिकडे भरतात, इकडे कशाला घसा फोडतोस?" एवढंच म्हणाली. पुढे काकीचा नवरा, आमचे रोंगोकाका, वारले, आणि मी पुकारायला लागलो, "आकाइतीचं घर, एक."

एक हा आकडा आमच्याकडे वाईट. एकट्या माणसाच्या घरात ओळीने तीन नाताळ येऊन गेले तरी पाहुण्यासाठी उमू, म्हणजे तापल्या दगडांची जमिनीतली भट्टी, पेटला नाही, तर ते घर थंड झालं असं धरतात. मग उमूचे दगड उचलून जवळच्या नातलगाच्या परसात नेऊन ठेवायचे, आणि माणसाने दगडांच्या मागून जायचं. घर, कंदांचा खड्डा, माड, सगळं त्या नातलगाकडे. यात दुष्टपणा काही नाही. एकटं माणूस घरात मरून पडलं तर वासावरून कळू नये, म्हणून कुणा शहाण्याने ही रीत घातली. पण ज्याच्यावर येते त्याला विचारा. काकीचे दोन नाताळ कोरडे गेले होते आणि तिसरा तोंडावर आला होता.

जवळचा नातलग म्हणजे तिचा धाकटा दीर तामारुआ. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यात सुनेला दिवस गेलेले. वहिनीच्या परसातून जाताना तो हल्ली मोठमोठी पावलं टाकत जायचा, आणि तो जागा मोजतोय हे पोरांनाही कळत होतं.

"वहिनी, दगड नेताना आधी मोठे नेऊ की लहान?" एकदा त्याने कुंपणावरून विचारलं.

"आधी तुझं डोकं ने. त्याहून मोठा दगड माझ्याकडे नाही," काकी टोपी विणता विणता म्हणाली.

काकी मूळची इथली नव्हे. लग्न होऊन शेजारच्या बेटावरून आली तेव्हा तामारुआ शेंबडा होता. ती सांगायची, की आल्यावर सासूने तिला चटईवर बसवलं, गळ्यात माळा घातल्या, उत्तमातले उत्तम मासे वाढले आणि कशाला हात लावू दिला नाही. काकीला वाटलं, आपण यांना आवडलो नाही, पुढच्या जहाजाने परत पाठवणार. रात्री तोंड दाबून रडायची. मग एका सकाळी सासू तिच्या अंगावर खेकसली, "बसलीस काय अशी? पाणी आण." काकी म्हणायची, रोंगोने माझा हात धरला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तेव्हापासून तिने जे धरलं ते सोडलं नाही. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. माडाच्या कोवळ्या पानांच्या तिने विणलेल्या टोप्या रारोटोंगा या मोठ्या बेटावरच्या चर्चमध्ये मिरवतात. प्रार्थनेच्या गाण्यात ती सुरू झाली की पाद्रीसुद्धा तिच्या मागून जातो. नवऱ्याला तिने दारापुढेच पुरलं, थडग्याला दर वर्षी स्वतः चुना लावते आणि जाता येता त्याला चार गोष्टी सुनावते. हे थडगं मागे ठेवून दिराच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहायचं, आणि उमू पेटवायचा तर जावेला विचारायचं, हे तिला मरणाहून जड होतं. तसं ती बोलली मात्र नाही. बोलली ते एवढंच, "पुढची बोट माझी."

लोक हसले, कारण ते शक्य दिसत नव्हतं. आमच्याकडे बाहेरून बोट आली की ज्याचा हात तिला पहिला लागेल त्याचा पाहुणा. जाईपर्यंत त्याचं जेवणखाण, कपडे, सगळं त्या घराने बघायचं. रोंगोकाका होते तोवर वल्ह्यांच्या होड्याच धावायच्या आणि काका कुणाला ऐकत नसत. आता तामारुआकडे मोटर होती. बेटावरचे सगळे पाहुणे ओळीने तोच पळवत होता.

काकीने काय केलं, तर ओहोटीच्या वेळा धरल्या. खडकातली वाट ओहोटीला इतकी उथळ होते की मोटरचा पंखा दगडाला लागतो. उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली, छोटी होडी मात्र वरून घसरत निघून जाते. काकी रोज ओहोटी लागली की होडी घेऊन बाहेर पडायची, बाहेरच्या पाण्यात गळ टाकून बसायची आणि भरतीबरोबर परत यायची. या वयात, त्या उन्हात. "म्हातारी पाहुणे गळाला लावायला जाते," असं पोरं म्हणायची. काकी त्यांना एकेक मासा द्यायची आणि म्हणायची, "खा, म्हणजे डोळे सुधारतील. शीड दिसलं की हाक मारा."

शीड दिसलं ते ऐन ओहोटीला. आम्ही सगळे किनाऱ्यावर धावलो. तामारुआने बोट लोटली, मोटर सुरू केली, आणि वाटेच्या तोंडाशी खर्र असा आवाज होऊन ती थांबली. तो गुडघाभर पाण्यात उतरून बोट ढकलत होता आणि पलीकडे काकी वल्हं मारत होती. घाई नाही, गडबड नाही. तिने त्या पांढऱ्या बोटीच्या कडेवर पंजा ठेवला आणि आमच्याकडे वळून ओरडली, "हात लागला. सगळ्यांनी बघितलं ना? तामारुआ, तू पण बघ, उभाच आहेस तर."

मला तेव्हा वाटलं, झालं, सुटली काकी. पण पाहुणा मिळवणं सोपं असतं. हा पाहुणा व्हायलाच तयार नव्हता.

त्याचं नाव हेन्रिक, डेन्मार्कचा, पन्नाशी उलटलेला, उन्हाने नाक सोललेलं. एकटाच. काकीचं त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत भागायचं, अडलं तर मी होतोच. पहिलं वाक्य सालाबादप्रमाणे अस्पर्शित बेटाचं. दुसरं असं, की जिथे कुणी राहत नाही असं एखादं छोटं बेट जवळपास आहे का, तिथे नांगर टाकीन म्हणतो. "मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही. माझं अन्न माझ्याकडे आहे."

"तुझं तुझ्याकडे राहू दे," काकी म्हणाली. "माझं माझ्याकडे आहे ते खायला चल."

भिडस्त होता म्हणून आला. काकीने किनाऱ्याला लागताच दगड तापवले होते. डुकराचं पिल्लू, नीरफणस, नारळाच्या रसातले मासे, केळीच्या पानांत बांधलेला पुराका. वास असा सुटला होता की मी विनाकारण दोनदा तिच्या घरावरून गेलो. हा मात्र चटईच्या टोकावर बसला, स्वतःची पाण्याची बाटली मांडीत धरून, आणि म्हणाला, "तुमच्याकडे थोडंच असतं. आमच्यासारखे लोक येतात आणि तुमचं खाऊन जातात, मग अशी बेटं बिघडतात. मी तसं करणार नाही." आम्ही गरीब आहोत हे आम्हाला सांगायला तो इतक्या लांबून आला होता. डुक्कर थंड झालं. त्याने एका गोष्टीला बोट लावलं नाही. संध्याकाळी नमस्कार करून बोटीवर गेला आणि डब्यातला भात खाल्ला.

तामारुआ कुंपणाशी होताच. "पाहुणा उपाशी उठला तर तो कुणाचाही, वहिनी. उद्याचा दिवस बघ. नाहीतर माझ्याकडे बिस्किटं आहेत."

"बिस्किटं तूच खा. तोंड बंद राहील," काकी म्हणाली. पण डुकराचे तुकडे शेजारीपाजारी वाटताना तिचा आवाज खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्रिक पुन्हा आला. आदल्या दिवशी आपण कुणाचं तरी मन मोडलं एवढं त्याला उमगलं असावं. भेट म्हणून त्याने चांगली नवी दोरी आणली होती. काकीने पुन्हा पानं मांडली, तो पुन्हा म्हणाला, नको, खरंच नको. आणि चटईवर हात बांधून बसला, चेहऱ्यावर तेच गोड हसू. काकी नारळांच्या ढिगापाशी गेली, खुंटावर एक नारळ आपटला, दुसरा आपटला. तिसऱ्याला तिचा तोल गेला.

"नुसता बसलायस काय असा?" ती कडाडली. "ऊठ. हे नारळ सोल."

शेजारची वाइने वाळू झाडत होती, तिच्या हातातला झाडू थांबला. मी कुंपणाशी केळं खात उभा होतो, तोंडातला घास तसाच राहिला. पाहुण्याला असं आमच्याकडे वेडासुद्धा बोलत नाही. पण हेन्रिक असा उठला की जणू त्याची बेडी कुणी काढली. पहिल्याच नारळाला त्याने खुंटावर तळहात कापून घेतला. काकीने त्याला बावळट म्हटलं, चिंधी बांधली आणि नारळ कसा फिरवायचा ते दाखवलं. दुपारपर्यंत सोडणांचा ढीग लागला. मग तिने त्याला पाणी आणायला पाठवलं. मग कंदांच्या खड्ड्यात उतरवलं, आणि तो कमरेएवढ्या चिखलात उभा राहून गाणं म्हणत गाळ उपसायला लागला. संध्याकाळी न विचारता चटईच्या मधोमध बसला आणि जेवला. जेवला म्हणजे काय, मासे संपले तरी रस बोटाने निपटून खाल्ला आणि आणखी आहे का विचारलं. कष्टाचं असेल तर याला चालायचं, प्रेमाने दिलं की पोटात दुखायचं. असतो एकेकाचा स्वभाव.

तो बोटीवर गेल्यावर मी काकीकडे गेलो.

"काकी, घात केलास."

"का? पोटभर जेवला ना?"

"जेवला, पण पाहुणा म्हणून कुठे जेवला? राबवलंस त्याला. उद्या तामारुआ विचारेल, हा पाहुणा कसला? मग उमू पेटला त्याला अर्थ काय?"

काकी खाली बसली. तिला घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते बघवलं नाही. ती बराच वेळ रोंगोकाकांच्या थडग्यावरचा पाला वेचत राहिली. मग उठली, आपला कमरेचा कपडा झटकला आणि म्हणाली, "बोलून गेले ते गेले. गिळता येत नाही आता. घात झालाच आहे तर उद्या त्याच्याकडून छप्पर तरी शाकारून घेते."

आणि खरंच घेतलं. हेन्रिक वर चढून जुने झाप काढत होता, खालून काकी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि तो खूश होता. निर्जन बेटाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर उंडीच्या झाडाखाली बैठक बसली. आमचे सर्वांत वडील ताइरीआजोबा, त्यांनी विषय काढला. काकी पुढे बसली होती, नव्या टोपीत. हेन्रिक तिच्या मागे, धुतलेल्या शर्टात. आपल्याबद्दल चाललंय हे त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी त्याच्या कानाशी थोडं थोडं सांगत होतो.

तामारुआ उभा राहिला. "वहिनीबद्दल माझ्या मनात काही नाही. हिने माझा शेंबूड पुसलाय. पण रीत ती रीत. त्या माणसाने नारळ सोलले, खड्डा उपसला, छप्पर शाकारलं. काल तर हिचे कपडे वाळत घालत होता. पाहुणा असं करतो? हा पाहुणा नाही. म्हणजे पाहुण्यासाठी उमू पेटलाच नाही."

लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली असती, मानेवर ताबा ठेवला म्हणून बरं.

"पाहुणा नाही," काकी म्हणाली. "मग कोण?"

"ते मला काय माहीत? पाहुणा नाही एवढं खरं."

"मला पण पटतंय. मी विचारते, मग तो कोण?"

"अगं, घरातल्या माणसासारखं राबवलंस तू त्याला."

"सारखं बिरखं सोड. आपल्या बेटावर भाड्याने राबणारं माणूस आहे एक तरी?"

"नाही."

"मग आपण कामाला लावतो ते कुणाला?"

"घरच्याला."

"म्हणजे हा?"

तामारुआने बायकोकडे पाहिलं. बायको दुसरीकडे बघत होती. "घरचाच म्हणायचा," तो पुटपुटला, आणि शब्द सुटल्यावर आपण काय बोललो ते त्याला समजलं.

काकी माझ्याकडे वळली. "कोरो, थंड होतं ते एकट्याचं घर. तू सांग, माझ्या घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

"दोन कसे?" तामारुआ उसळला. "तो बुधवारी शीड उभारून जाणार. चार दिवस राबला म्हणून घरचा, चालेल. पण त्याची चूल त्याच्या देशात आहे. वहिनीच्या पोटच्या मुलांना गाळलं आपण, आणि याला मोजायचं?"

हे बोलणं बरोबर होतं. काकीलाही ते लागलं, मुलांचं नाव निघालं तेव्हा तिने मान खाली घातली. ताइरीआजोबांनी काठी आपटली आणि हेन्रिकला विचारलं, "तुझी चूल कुठे आहे?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्याला कळेना. म्हणाला, बोटीवर स्टोव्ह आहे. मी म्हटलं, "तसं नाही रे. तू जेवायला आला नाहीस तर कुणाला कळतं, ती जागा कुठे आहे असं आजोबा विचारताहेत."

मग त्याने सांगितलं, हवा कशी आहे ते सांगावं तशा आवाजात. बायको वारली. घर मोठं वाटायला लागलं म्हणून विकलं आणि बोट घेतली. मूलबाळ नाही. "मी जेवलो की नाही हे कुणाला कळत नाही," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तसंच बरं असतं."

मी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज चिरका झाला, ते असो.

"समुद्रावरचा स्टोव्ह म्हणजे चूल नव्हे," ताइरीआजोबा म्हणाले. "ज्याला दुसरी चूल नाही तो जिथे राबला आणि जेवला तिथला. समुद्रावर असेल तोवर घराने त्याचा वाटा धरायचा. वाइनेच्या मुलाचा धरतो तसा. पण कोरो, त्याला विचार. घरच्या माणसाला वाटा नको म्हणता येत नाही. घेणार का?"

मी विचारलं. नको, खरंच नको, असं येता जाता म्हणणारा तो माणूस आपल्या तळहातावरच्या चिंधीकडे बघत राहिला. मग त्याने काकीकडे पाहिलं. काकीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या टोपीची कड थरथरत होती. बेटावरचं तिचं सगळं आयुष्य त्या परक्याच्या एका शब्दावर टांगलं होतं, आणि ती त्याला विनवणार नव्हती.

"घेईन," हेन्रिक म्हणाला.

बैठक उठली. तामारुआ चटई गुंडाळत होता, मान वर न करता. काकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता ती त्याला सोलणार असं मला वाटलं.

"सुनेला जागा हवी होती, तर जागा मागायचीस. घर कशाला मागितलंस?" ती म्हणाली. "आज संध्याकाळी तिला पाठव. नवं छप्पर आहे, गळणार नाही. उमू मात्र माझाच पेटेल, सांगून ठेव."

तामारुआने वहिनीच्या हातातली तिची चटईही घेतली आणि तिच्या घरापर्यंत नेऊन दिली.

मंगळवारी सगळे मिळून मासेमारीला गेलो. हेन्रिकही जाळं ओढायला होता, चुकीच्या बाजूने ओढत होता. मासळी झापांवर मांडली आणि मी पुकारायला लागलो. वाइनेचं घर झालं, तामारुआचं झालं. मग मी छातीत हवा भरली.

"आकाइतीचं घर, दोन."

काकी पुढे झाली आणि आपला मासा घेऊन बाजूला उभी राहिली. दुसऱ्याला तिने हात लावला नाही. हेन्रिक गर्दीत उभा होता. लोकांनी त्याला वाट करून दिली तरी तो हलेना, त्याचे डोळे भरून आले होते.

"उभा काय राहिलास?" काकी ओरडली. "माशा बसताहेत त्याच्यावर. उचल."

त्याने दोन्ही हातांनी तो मासा उचलला आणि लहान मूल धरावं तसा छातीशी धरून घरी नेला. शर्ट खराब झाला म्हणून काकीने त्याला वाटभर झापलं.

बुधवारी भरती लागली तेव्हा सगळं बेट किनाऱ्यावर आलं. पाहुणा निघाला की आम्ही शिंपल्यांच्या आणि अनंताच्या फुलांच्या माळा घालून त्याचा गळा भरून टाकतो. वाइनेने आणली होती, माझ्या बायकोने आणली होती, तामारुआच्या सुनेनेही जड अंगाने बसून एक ओवली होती. हेन्रिकने अशा माळांचे फोटो कुठेतरी पाहिले असावेत, तो मान थोडी वाकवून उभा राहिला.

काकी मध्ये आली. "हां हां, कुणी घालायची नाही," ती म्हणाली. सगळ्या बायकांचे हात थांबले.

हेन्रिकचा चेहरा उतरला. त्याने मला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

काकीला मी ते सांगितलं. तिने कंदांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं, वर दोन उकडलेली अंडी कोंबली आणि म्हणाली, "त्याला सांग, माळ पाहुण्याला घालतात, निरोप द्यायला. घरचं माणूस समुद्रावर निघालं तर त्याला निरोप देत नाहीत. अपशकुन असतो."

मी सांगितलं. तो रिकाम्या गळ्याने होडीत बसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, आवाज मोठा असला की रडणंही मोठं होतं. काकी रडली नाही. शीड खडकांच्या पलीकडे गेलं तेव्हा ती म्हणाली, "चला, सूनबाई उपाशी असेल," आणि दगड तापवायला घरी गेली.